मापातले मेण

एकदा एक म्हातारा वस्ताद घाटाच्या पायथ्याच्या एका गावात ठासणीच्या बंदुका नीट करून देत असे. ठासणीची बंदूक म्हणजे जिच्या तोंडातून दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा टाकायचा, गजाने ठासायचा आणि देवाचे नाव घेऊन चाप ओढायचा, ती. आजच्या काळात असल्या बंदुकीला कोण विचारतो? पण त्या मुलखात पिकात रानडुकरे शिरत आणि गावदेवीला सलामीचे बार लागत, म्हणून वस्तादाच्या भट्टीतला विस्तव अजून विझला नव्हता.

त्याची एक रीत होती. गावात फौजी पुष्कळ. सुट्टीवर येताना कोणी ना कोणी उडालेली काडतुसे आठवण म्हणून खिशातून आणी. वस्ताद ती मागून घेई, करवतीने कापी, कानशीने तोंड घाशी, तारेचा दांडा जोडी आणि त्या रिकाम्या पितळी पुंगळीचे दारू मोजायचे माप बनवी. प्रत्येक बंदुकीचे माप निराळे आणि ते त्याच बंदुकीला दोरीने बांधलेले. "नवराबायकोची एक वेळ ताटातूट व्हावी, बंदुकीची आन्‌ मापाची न्हाई," असे तो म्हणे. माप जरा मोठे झाले असे वाटले, तर बुडाशी मेणाचा थेंब सोडून तो ते आतून कमी करी. मग पुंगळीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून तिचा सूर ऐके. पुंगळी खोल असली की सूर खाली उतरे, उथळ असली की वर चढे. म्हाताऱ्याची नजर अधू झाली होती, पण त्याचा कान शाबूत होता.

त्याच्याकडे खालच्या आळीचा हैबती काम शिकत होता. शिष्य म्हटला तरी चांगला बाप्या माणूस, दोन लेकरांचा बाप. त्याच्या घरात देवीच्या मानाची बंदूक होती, ती सांभाळता यावी म्हणून तो वस्तादाच्या पायाशी बसला होता. गावात मानाच्या बंदुका दोन, एक वरच्या आळीची आणि एक खालच्या. जत्रेला पालखी देवळाबाहेर पडली की आधी वरचा बार होई, मागोमाग खालचा. कोणाच्या बाराला डोंगराने किती वेळ साद दिली, यावर पुढे वर्षभर चावडीवर तंबाखू मळली जाई. मान होता तो पिढीजात नळीचा. एखाद्या आळीची नळी निकामी ठरली, तर तिचा मानही दुसऱ्या आळीकडे जायचा.

आदल्या वर्षी हैबतीच्या बापाने काढलेला बार फुसका निघाला. डोंगराने हूं की चूं केले नाही. तेवढ्यात वरच्या आळीचा बंदूकवाला येसबा मोठ्याने म्हणाला, "कुणाची रं म्हैस शिंकली?" सारे गाव पोट धरून हसले. देवीचा पुजारी गुरवसुद्धा तोंडाला उपरणे लावून हसला. हैबतीच्या बापाने घरी येऊन बंदूक पोराच्या हाती दिली, फेटा खुंटीला टांगला आणि तो पुन्हा म्हणून देवळाची पायरी चढला नाही. कोणी बोलवायला आले तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राही. हैबती आणि येसबा एके काळी एका खोंडाच्या शेपटीला धरून ओढा ओलांडणारे सोबती, पण त्या दिवसापासून दोघांचे बोलणे तुटले.

यंदाची जत्रा जवळ आली तेव्हा हैबती वस्तादाच्या भट्टीपाशी बसून आपल्या घरचे माप तारेने साफ करत होता. तारेला काहीतरी पिवळे चिकटून आले. पाहतो तो मेण! त्याने वरच्या आळीचे माप, जे दुरुस्तीला आलेल्या बंदुकीसोबत तिथेच होते, शेजारी उभे करून पाहिले. एकाच जातीची काडतुसे, एकाच उंचीला कापलेली, जुळी भावंडे म्हणावीत अशी. त्यांचे माप आतून स्वच्छ होते आणि आपल्या मापात मेण. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे बापाचा हात म्हातारा झाला नव्हता, दारूही ओली नव्हती. ज्याच्या पाया पडून आपण रोज कामाला बसतो, त्यानेच आपल्या घराला कमी दिले होते आणि त्यापायी आपला बाप वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडला होता.

खरे तर प्रत्येक नळीचे माप तिच्यापुरते असते, हा धडा त्याने पहिल्याच महिन्यात गिरवला होता. पण राग आला की माणूस शिकलेले आधी विसरतो. त्याने खिळ्याने खरवडून सगळे मेण काढले, फुंकून टाकले आणि तो कोणाला काही बोलला नाही. त्याला यंदा एकच गोष्ट हवी होती. बार असा व्हावा की घरात पडलेला बाप उठून बसला पाहिजे.

जत्रेच्या आदल्या दिवशी वस्तादाने दोन्ही मापे हाती घेतली. वरच्या आळीच्या मापावर फुंकर मारली. सूर नेहमीचा. मग खालच्या आळीच्या मापावर मारली. सूर उतरला होता. हैबती कानस फिरवत होता, त्याचा हात जागीच थांबला. म्हाताऱ्याने पुन्हा फुंकर मारली, शिष्याकडे एकवार पाहिले आणि माप दोरीला बांधून ठेवून दिले. बस्स, एवढेच. हैबतीला वाटले, म्हाताऱ्याची चोरी पकडली गेली म्हणून तो गप्प बसला.

दुसऱ्या दिवशी देवळापुढे गाव लोटले. पालखी खांद्यावर चढली. दोन्ही बंदूकवाले दीपमाळेपाशी उभे राहिले, एकमेकांकडे पाठ करून. तेव्हा वस्ताद पुढे झाला आणि दोरी सोडून त्याने खालच्या आळीचे माप येसबाच्या आणि वरच्या आळीचे हैबतीच्या हाती दिले.

"औंदा येसबाची बंदूक हैबती भरंल," तो म्हणाला, "आन्‌ हैबतीची येसबा भरंल."

लोकांत कुजबुज झाली. गुरव म्हणाला, "वस्ताद, हे काय खूळ काढलंत? दोघं एकमेकाचं तोंड बघत न्हाईत."

"तोंड नगं बघू दे. माप बघितलं तरी पुरं."

म्हाताऱ्यापुढे कोण बोलणार? येसबाने शिंगातली दारू खालच्या आळीच्या मापात ओतली. माप काठोकाठ भरले तसे त्याने वरून बोट फिरवून जास्तीचे कण झाडले. बोटाला लागलेले कणही त्याने परत शिंगात पुसले. ज्याच्याशी वर्षभर बोलणे नाही त्याच्या बंदुकीत घालायची दारू तो अशी मोजत होता, जणू घरच्या आजारी माणसाचे औषध. हैबती ते पाहत राहिला.

स्वतःच्या हाताने ओतायचे असते, तर त्याने डोळे मिटून ओतले असते. माझी नळी, माझा जीव! पण आता ओतणारा हात येसबाचा होता. वस्तादाने ते मेण काही कारणाने घातले असेल तर? नळी फुटली तर? आपण तर जाऊ, पण गाव काय म्हणेल? येसबाने वैर साधले म्हणेल. त्या बिचाऱ्याला कळणारही नाही की आपल्या हातून काय झाले, आणि जन्मभर तो तो हात घेऊन जगेल. रागाच्या भरात स्वतःसाठी जो प्रश्न हैबतीने एकदाही विचारला नव्हता, तो त्याला येसबासाठी पडला.

माप नळीच्या तोंडाशी कलले, तेव्हा त्याने येसबाचे मनगट धरले.

"थांब. ओतू नगंस."

"का रं?"

"ह्यात मेण व्हतं. वस्तादानं घातलेलं. म्या काढलं."

येसबाच्या तोंडचे पाणी पळाले. "आन्‌ मला ओतू देत व्हतास?" तो दबक्या आवाजात म्हणाला. मग त्याने हातातल्या मापाकडे पाहिले, हैबतीच्या बंदुकीकडे पाहिले आणि तो बोलायचा थांबला. तोही बंदूकवाल्याचाच पोर. मापात मेण का घालतात, हे त्याला सांगावे लागले नाही. खालच्या आळीची नळी विरली होती, म्हणजे आतून झिजून पातळ झाली होती, आणि पुरी दारू तिला सोसली नसती. आता येसबाने नुसते मागे वळून एवढे एक वाक्य गावाला ऐकवले असते, की दोन्ही मान वरच्या आळीला. हैबतीलाही ते त्याच क्षणी उमगले.

"काय खोळंबा आहे?" पालखीचे भोई ओरडले.

येसबाने मापातली दारू शिंगात परत ओतली. "काय न्हाई," तो मोठ्याने म्हणाला. "माप पुसायचं राहिलं व्हतं."

वस्तादाने रिकामे माप घेतले, कनवटीला हात घातला आणि मेणाची गोळी काढली. तो ती घेऊनच आला होता! देवळात जाऊन समईच्या उबेवर त्याने ती मऊ केली, बुडाशी दाबली, बाहेर येऊन फुंकर मारली. सूर चढून जागेवर आला. येसबाने पुन्हा दारू मोजली, पुन्हा वरून बोट फिरवले. हैबतीनेही येसबाच्या बंदुकीसाठी तसेच बोट फिरवले. गज ठासून झाले.

"आधी तुझा बार," हैबती म्हणाला.

"न्हाई," येसबा म्हणाला. "एकदमच काढू." आणि मग खाली मान घालून, "तुझ्या बाला म्या तसं बोलायला नगं व्हतं रं. लोक हसले आन्‌ मला चेव आला."

दोन्ही बार एका दमात झाले. डोंगराने साद दिली, ती पलीकडच्या खिंडीत जाऊन परत आली. कोणाचा बार लहान आणि कोणाचा मोठा, हे भल्याभल्यांना सांगता येईना. चावडीवरच्या मंडळींची तेवढी पंचाईत झाली, कारण वर्षभर भांडायचे कशावरून?

परतताना हैबती वस्तादाच्या मागून चालत होता. शेवटी त्याच्याने राहवले नाही.

"वस्ताद, सूर उतरल्याला तुम्हाला कालच कळलं व्हतं. तवाच कानाखाली का न्हाई ओढलीत?"

"ओढली असती तर तू मेण परत घातलं असतंस आन्‌ राग तसाच ठेवला असतास. रागावल्याला माणूस सोताच्या जिवाला मोजत न्हाई, बाबा. म्हणून माप दुसऱ्याच्या हाती दिलं. तिथं तुला दिसलं, तू काय वतायला निघाला व्हतास."

"आन्‌ मी गप्प राहिलो असतो तर?"

"तर तिसरा हात माझा व्हता. माणसावर इस्वास टाकावा, पण मेण कनवटीला ठेवावं." म्हातारा थांबला आणि त्याने कोपरीच्या खिशातून एक उडालेले काडतूस काढून शिष्याच्या तळहातावर ठेवले. "ह्ये एकदा गच्च भरल्यालं व्हतं. तवा ह्याच्यानं कुणाचं काय मोजता आलं असतं? उडालं, रितं झालं, तवा माप झालं. तू रागानं भरल्याला व्हतास, आन्‌ भरल्यापणीच माझं माप काढलंस."

हैबतीने खाली वाकून त्याचे पाय धरले. डोळ्यांतले पाणी त्याने लपवले नाही. "चुकलो, वस्ताद. पण मेण घातलंत तवा मला सांगितलं का न्हाई?"

"ते तुझ्या बाला इचार," एवढेच बोलून म्हातारा आपल्या वाटेला लागला.

घरी बाप उठून ओट्यावर बसला होता. वर्षभरात पहिल्यांदाच त्याचे तोंड रस्त्याकडे होते.

"बार झाला जोरात," तो म्हणाला. "फळीवरची भांडी हलली. माप कुणी भरलं?"

"येसबानं."

"वरनं बोट फिरवलं त्यानं?"

"फिरवलं, आबा."

"मग झालं."

हैबतीने माप त्याच्यापुढे ठेवले. "ह्यात मेण कुणी घालाया लावलं?"

बापाने माप उचलले, आत अंगठा घालून बुडाशी चाचपले आणि मेण जागेवर आहे असे पाहून परत खाली ठेवले. "म्याच," तो म्हणाला. "गज फिरवताना हाताला लागलं, नळी आतनं विरलीया. वस्तादाला म्हणालो, घाल मेण. पर बाहीरनं माप कापू नगंस, लोकांला दिसंल आन्‌ मान जाईल."

"आन्‌ लोक हसले तवा? मला तरी सांगायचं!"

"तू तवा सळसळत व्हतास. येसबाच्या अंगावर गेला असतास आन्‌ रागात सगळं बोलून बसला असतास. बंदूक पुढच्या साली तुझ्या हातात यायची व्हती, हैबती. लोक हसल्यानं जिवाला वाईट वाटतं. लई वाटलं. पर हसण्यानं कुणाचं लेकरू मरत न्हाई."

हैबती बापाच्या पायाशी बसला. थोड्या वेळाने बाप भिंतीला धरून उठला, खुंटीवरचा फेटा काढला आणि त्याच्यावरची वर्षभराची धूळ झटकली.

"चल," तो म्हणाला, "पालखी अजून वरच्या आळीत असंल. येसबालाबी भेटून येऊ."

आपल्या वाट्याला कमी आले असे वाटले, तर बोंब मारण्याआधी मापाच्या बुडाशी एकदा बोट घालून पाहावे, कारण तिथे कोणाची तरी माया चिकटलेली असू शकते.