उपासाची गोळी

"पण बुवा, सरासरी एकशे तीसच येते ना? मग डॉक्टर एवढे का रागावले?"

सोनटक्के मास्तरांनी वही उघडून रंगनाथबुवांपुढे धरली. मास्तरांनी हयातभर गणित शिकवलेलं. आकड्यांत त्यांना हरवणारा अजून जन्माला यायचा होता! वहीत दवाखान्याच्या चार खेपांचा रक्तदाब सुबक अक्षरात लिहिला होता. एकशे आठ, एकशे बावन्न, एकशे बारा, एकशे अठ्ठेचाळीस.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, सरासरी राहू द्या. दर खेपेला हे जे वरखाली होतंय, त्यानं हृदयाचा धोका वाढतो."

बुवा मठाच्या ओसरीवर कंदिलाची कडी दुरुस्त करत होते. हातातली तार त्यांनी डावीकडे वाकवली. मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे...

तार तुटली.

"सरासरी सरळच होती," बुवा म्हणाले.

मास्तरांनी हळूच वही मिटली.

"गोळी रोज घेता?"

"घेतो की. उपास सोडून. सोमवार, चतुर्थी, एकादशी... उपासाला औषध कसं चालेल?"

"उपास कशासाठी?"

मास्तरांचा आवाज उतरला. "दोन वर्षांमागं माझी बायको इंदू मरणाच्या दारातून परत आली. देवाचे उपकार विसरू कसे?"

"परत कशानं आली?"

"औषधानं..." मास्तर अडखळले. "म्हणजे... देवानंच..."

बुवांनी तुटलेली तार खाली ठेवली.

मास्तरांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला. आज एकादशी. तरी निघताना इंदूनं रुमालाच्या टोकाला गोळी बांधून दिली होती. दर उपासाला ती अशीच मुकाट्यानं बांधायची आणि मास्तर तशीच परत न्यायचे. एका शब्दानं कधी बोलली नाही बिचारी. मास्तरांना एकदम भरून आलं.

त्यांच्या हातून गाठ सुटेना. बुवांनी ती सोडवली, गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि वर तुळशीच्या तीर्थाची पळी सोडली.

मास्तरांनी डोळे मिटून तीर्थ घेतलं. ओला हात डोक्यावरून फिरवला आणि बुवांच्या पायांवर डोकं टेकलं.

"फार उपकार झाले, बुवा. आता प्रत्येक उपासाला इथंच येईन तीर्थाला."

"इथवर कशाला? घरी पाण्याचा तांब्या कोण देतं तुम्हाला?"