अनुसयाचं अंगण आणि केरबाचे लिलाव

एका गावात एक भोळा मांडववाला होता. त्याचं नाव केरबा. लग्नकार्याला मांडव, खुर्च्या, भांडी भाड्याने द्यायचा. माणूस कामसू, मनाने निर्मळ. सांगितलेलं सगळं ऐकायचा. तेवढंच ऐकायचा, हीच काय ती अडचण.

त्याची बायको अनुसया तांदळाचे पापड नि कुरडया करून विकायची. घरापुढचं अंगण हाच तिचा कारखाना. ऊन तापलं की तिथं पाय ठेवायला जागा नसे.

एकदा केरबाला मोबाईलवर जुन्या मालाचा लिलाव सापडला. शहरातले हॉल, हॉटेलं आपला वापरलेला माल तिथं ढिगाने काढत. ज्याची बोली जास्त, त्याचा ढीग. केरबाने खुर्च्यांचा ढीग घेतला. फोटोत खुर्च्यांच्या पाठी ओळीने छान दिसत होत्या. खाली लिहिलं होतं, माल जसा आहे तसा मिळेल.

"काय सचोटीची माणसं," केरबा म्हणाला. "आहे तोच माल पाठवतात."

टेम्पो आला, खुर्च्या उतरल्या. पाठ होती, पाय होते. बसायची जागा एकीलाही नव्हती.

अनुसयाने कपाळाला हात लावला. "अहो, बसून बघावं नि मग घ्यावं."

"बरं," केरबा म्हणाला.

खुर्च्या अंगणात राहिल्या. पापड तुळशीकडे सरकले.

पुढचा ढीग मोठ्या पातेल्यांचा होता. माल आधी बघायची सोय होती, म्हणून केरबा एसटीने लिलाववाल्यांच्या गोदामात गेला. एकेका पातेल्यात मांडी घालून बसला.

"काका, काय करताय?" गोदामवाल्याने विचारलं.

"बसून बघतोय."

"मग, कसं वाटतंय?"

"ऐसपैस आहे."

पातेली घरी आली. अनुसयाने एकात पाणी ओतलं, ते तिच्याच पायांवर आलं. दुसऱ्यात ओतलं, तेही आलं.

"अहो, बुडाला भोकं आहेत."

"असतील. मला टोचलं नाही कुठं."

"भलत्या ठिकाणी कसले बसताय? पाणी ओतून बघावं माणसाने."

"बरं," केरबा म्हणाला.

पापड पायरीवर आले.

मग निघाला स्पीकरचा ढीग. गोदामवाल्याने केरबाला ओळखलं आणि आपणहून खुर्ची पुढे केली.

"आज बसायचं नाही," केरबा म्हणाला. "आज बादलीभर पाणी द्या."

गोदामवाल्याला वाटलं, उन्हातून आलाय, पाय धुणार असेल. तो पाणी देऊन चहा सांगायला गेला. परत येईपर्यंत केरबाने एकूणएक स्पीकरमध्ये तांब्या तांब्या पाणी ओतलं होतं.

"पक्का माल आहे," केरबा खूश होऊन म्हणाला. "थेंब बाहेर येत नाही. सगळं आतच राहतं."

आता बोली लावणं भागच होतं. घरी एक स्पीकर जोडला. तो एकदा खाकरला आणि कायमचा गप्प झाला.

"वाजवून बघायचं सोडून हे काय केलंत?" अनुसया म्हणाली.

"बरं," केरबा म्हणाला.

त्यानंतर आले सरबताचे काचेचे ग्लास. ते पोत्यातून आले. पोतं हलवलं की छमछम व्हायचं.

अनुसयाने पोत्यात डोकावून पाहिलं. "वाजवलेत?"

"टिपरीने. एकूणएक वाजला," केरबा म्हणाला. "पण एकदाच."

आता अंगण गच्च भरलं. पापड घरात खाटेवर आले आणि त्यांना बुरशी धरली. अशात सरपंचांच्या घरून लेकीच्या लग्नासाठी कुरडयांची मोठी मागणी आली. कुरडया वेळेत नाही झाल्या तर ते दुसरीकडे सांगणार होते.

"आता कुरडया कुठं घालू?" अनुसया कडाडली. "तुमच्या डोक्यावर?"

केरबाने टोपी काढली.

अनुसयाने डोळे मिटले, श्वास घेतला आणि स्वतःचा मोबाईल उचलला. सगळ्या मालाचे फोटो काढले आणि एकच ढीग करून लिलावाला लावला. मग म्हणाली, "आणि यापुढं कुठलाही अनोळखी माल घ्यायचा नाही. खात्रीचा, आपल्या ओळखीचा असेल तरच हात घाला. कळलं?"

"बरं," म्हणून केरबा आपला मोबाईल घेऊन ओट्यावर जाऊन बसला.

दुपारी लिलाव सुरू झाला. एका भंगारवाल्याने बोली लावली. मग दुसरं कोणी चढलं. भंगारवाला चढला, दुसरा त्याच्यावर चढला. अनुसयाला आनंद मावेना. तिने शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि शिऱ्याला रवा भाजायला घेतला. शेवटी भंगारवाला दमला. माल दुसऱ्याला गेला.

शिरा होतोय तोवर दारात टेम्पो उभा राहिला.

"केवढा तत्पर माणूस," अनुसया शेजारणीला म्हणाली.

टेम्पोवाल्याने अंगणभर नजर टाकली. "कुठला माल भरायचा?"

"हा सगळा," केरबा म्हणाला.

"आणि उतरवायचा कुठं?"

"इथंच."

अनुसयाच्या हातातलं उलथनं थांबलं. "इथंच म्हणजे? माल घेतला कोणी?"

"मी," केरबा म्हणाला. "तो भंगारवाला भारी चिवट, पण मी सोडलं नाही. अगं, एवढा खात्रीचा माल परत कुठं मिळणार? बसून बघितलेला, पाणी ओतलेला, वाजवलेला. आणि सगळा आपल्या ओळखीचा."

अनुसया पायरीवर खाली बसली. तिने विचारलं, "आणि हे सगळं ठेवणार कुठं?"

"अंगणात," केरबा म्हणाला. "आता रिकामं झालं ना ते. होतं नव्हतं ते सगळं आज विकलंस तू."