खबरीची घळ

कासवटोकाला समुद्राच्या अंगाने वळसा घालून जाखाईच्या देवळाकडे एक वाट जाते. अर्ध्या वाटेवर कातळात अरुंद, खोल घळ आहे. तिच्या तोंडाशी वाकून बायका खाली बघत घरच्या गोष्टी सांगताना दिसतात. नवखा माणूस हसतो. मग वाडीतल्या आनशीमावशी त्याला बाजूला बसवून घेतात आणि म्हणतात, हसू नये रे बाबा, इथे ऐकणारी आहे.

फार जुनी गोष्ट, म्हणे. वाडीत चार मैत्रिणी होत्या, आवडी, शेवंती, गोदी आणि बायजा. आवडीची आधीची दोन मुले राहिली नव्हती. तिसरी मुलगी जगली तर तिच्या उष्टावणाआधी टोकाला वळसा घालून जाखाईची ओटी भरीन, असा तिचा नवस होता. उष्टावण दोन दिवसांवर आले तरी पाऊस हटेना. शेवटी अष्टमीला ओहोटी बघून चौघी पावसातच निघाल्या. आवडीची मुलगी सासूपाशी ठेवली. शेवंतीचे आठ महिन्यांचे पोरही घरीच राहिले.

ढगांत सूर्य दिसायचा नाही, मग भरतीआधी परतायची वेळ कळणार कशी? आवडी आणि शेवंती दोघी अंगावर पाजणाऱ्या. त्यांनी ठरवले, जिची छाती आधी भरून येईल तिने सांगायचे आणि सगळ्यांनी लगेच उठायचे.

वाटभर गोदी शेवंतीला चिडवत होती. "हिचा दूध म्हणजे वाडीची बाव गो! आटाचा नावच नाय!" शेवंती वरवर हसली, पण मनातून शरमली.

ओटी भरून झाली. ओल्या केसांनी चौघींनी गूळपोहे खाल्ले आणि देवळाच्या पडवीत फुगड्या घातल्या. दोन वर्षांत कधी न हसलेली आवडी त्या दिवशी पोट धरून हसत होती. तेवढ्यात शेवंतीची छाती ठणकायला लागली. आता सांगितले तर गोदी पुन्हा चिडवणार, आणि आवडीचे हसू मोडणार. ती गुपचूप देवळामागे गेली, दूध कातळावर पिळून टाकले, पदर सारखा केला आणि परत येऊन बसली.

आवडीला मुळातच दूध कमी. ती म्हणाली, "माझी भरूक नाय अजून. वेळ आसा."

शेवंतीने नुसती मान हलवली आणि पुन्हा फुगडीला हात दिला.

त्या निघाल्या तेव्हा पाणी वाटेला लागले होते. घळीपाशी शेवाळावरून आवडी घसरली ती थेट खाली. पाय दोन दगडांत गुडघ्यापर्यंत अडकला. तिघींनी लुगड्यांचे पदर फाडून एकाला एक बांधले, खाली सोडले, ओढले. हातांची सालटी निघाली. पाय काही सुटला नाही. बायजा माणसे आणायला डोंगर चढून धावली. गोदी जाखाईला हाका मारत राहिली. शेवंती घळीवर पालथी पडून हात खाली लांबवीत होती. हात पुरत नव्हता, म्हणे, वीतभर कमी पडत होता.

पाणी आवडीच्या कमरेला आले. तिने वर बघून विचारले, "शेवंते, माझा चेडू काय करता असात गो?"

शेवंतीला घर कुठले दिसायला! पावसात समोरचा कातळ दिसत नव्हता.

"न्हिजला गो. शेजारणीन पाजल्यान आणि न्हिजला."

"रडत नाय ना?"

"नाय गो बाये."

"खरा सांग."

"खरा."

पाणी छातीला आले तरी आवडी विचारत होती आणि शेवंती सांगत होती. सासू पाळणा हलवते आहे. पोरीने मुठीत तिचे बोट धरले आहे. झोपेत हसते आहे. मग खालून विचारणे थांबले. शेवंती तरीही बराच वेळ सांगतच होती, असे सांगतात.

बायजा माणसे घेऊन आली तेव्हा घळीत फक्त पाणी होते.

शेवंती आधी आवडीच्या घरी गेली, तर तिची मुलगी दुपारपासून रडून रडून आवाज बसलेली. सासूच्या हातून साखरपाणीसुद्धा घेत नव्हती. शेवंतीची छाती पुन्हा भरून आली होती. ओल्या अंगानेच तिने मुलीला पदराखाली घेतले, आणि पुढे दोन्ही पोरे आपल्याच दुधावर वाढवली. पण त्या दिवसापासून ती हसली नाही.

पुढच्या अष्टमीला ती एकटीच घळीपाशी गेली. वाकून म्हणाली, "आवडे, खोटा बोललंय गो मी. रडत होता तुझा चेडू." देवळामागचेही सगळे सांगितले. मग दर अष्टमीला जात राहिली. दात आला, पाऊल टाकले, गोवर आला, उतरला, लग्न ठरले, असे सगळे सांगत राहिली.

आजही जाखाईला गेलेल्या बायकांत एखादीची छाती भरली की ती मोठ्याने सांगते, आणि फुगडी अर्धी टाकून सगळ्या उठतात. कोणी चिडवत नाही. घळीपाशी प्रत्येक आई वाकते आणि आधी म्हणते, "खोटा सांगत नाय गो." पोर खेळत असेल तर खेळते म्हणून सांगते. तापाने फणफणले असेल तर तेही सांगते. आणि घरी सोडताना रडत होते, तर रडत होते असेच सांगते.