दामूशेटांचं कपाट

दामूशेटांनी डोंगरवाडीच्या शाळेला पुस्तकांनी भरलेलं कपाट दिलं, आणि दोन्ही दारांवर मिळून आपलं नाव आंधळ्यालाही दिसावं एवढं ठळक रंगवून घेतलं. वर्षभराने ते फोटोवाल्याला घेऊन आले, तर कपाट सताड उघडं आणि दारांची नावाची बाजू भिंतीकडे! शेट कडाडले, "खरातबाई, माझं नाव दिसत नसेल तर कपाट आजच परत नेतो!"

मुख्याध्यापिका खरातबाई हसून म्हणाल्या, "शेटजी, कपाट मिटलं की तुमचं नाव झकास दिसतं. पण शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत पोरं ते मिटूच देत नाहीत. सांगा, घेऊ त्यांच्या हातातली पुस्तकं काढून आणि मिटू कपाट?"

शेटांनी वाचणाऱ्या पोरांकडे पाहिलं आणि फोटोवाल्याला खूण केली, राहू दे.

पुढच्या शाळेला त्यांनी कपाट पाठवलं, ते बिनदारांचं.