ठेवलेली पायरी

राजे पालखीतून फिरत आणि विहिरी चुन्यात बांधल्या जात, त्या काळी एका डोंगराळ राज्यात दोन गवंडी भाऊ होते. थोरला बोलण्यात वाघ. धाकटा आपला कामाशी काम ठेवणारा.

गवंड्यांची बोली मोठी काटेकोर असते बरं का, बाळांनो. दगड नुसता जागेवर मांडून पाहिला, की ते म्हणतात 'ठेवला'. खाली चुना पसरून, ठोकून पक्का केला, की मगच म्हणतात 'बसवला'.

या भावांनी राजासाठी पायऱ्यांची विहीर बांधली. राजा पाहायला येणार त्या सकाळी थोरल्याने विचारले, "खालची पायरी झाली ना?"

"ठेवलीय दादा, बसवायची राहिलीय. चुना अजून मुरला नाही. राजांना दोन दिवसांनी या म्हणावं."

"राजाला थांबवू? ठेवली काय अन् बसवली काय, दगड जागेवर आहे ना? गप बस!"

पालखी आली. राजाने तोंडभरून कौतुक केले. थोरल्याची छाती फुगली.

नव्या विहिरीतली पहिली घागर गवंड्याच्या आईने भरायची, अशी तिथली रीत. म्हातारी घागर घेऊन उतरू लागली. तिचा उभा जन्म गवंड्यांच्या घरात गेलेला. खालच्या पायरीपाशी ती थबकली आणि वर पाहून म्हणाली, "ही ठेवलीय का बसवलीय रे?"

धाकटा बोलणार, तोच थोरल्याने त्याला डोळ्यांनी दटावले. खरे सांगावे, तर राजासमोर नाक कापले जाणार! तेवढ्यापायी तो करंटा म्हणाला, "बसवलीय आई. टाक पाऊल बिनघोर."

तिने पाऊल टाकले. दगड कलंडला आणि म्हातारी पाण्यात कोसळली. धाकट्याने उडी घेऊन तिला बाहेर काढले. जीव वाचला, पण पाय कायमचा गेला.

थोरला तिच्या अंथरुणाशी बसून ढसाढसा रडला. "मार मला आई, शिव्या दे."

"पायाचं काही नाही रे," ती म्हणाली. "पण मी तुला विचारलं होतं."

त्यानंतर ती त्याच्याशी मायेनेच वागली. कधी टाकून बोलली नाही. पण थोरल्याने घरात काहीही सांगितले, अगदी 'मी जेवलो' म्हटले, तरी आई आधी धाकट्याकडे पाहायची. थोरला मान खाली घालायचा.

तात्पर्य : निखळलेला दगड पुन्हा बसतो, उडालेला विश्वास पुन्हा बसत नाही.