विचारायची पायरी

एआयने निरोप धाडून लोकांना ग्रुपमध्ये कसं बोलवायचं, याची माहितीपुस्तिका वैजयंता लिहीत होती. ‘समोरच्याने होकार दिल्यावरच त्याला ग्रुपमध्ये घ्यावं,’ असं तिने लिहिलं.

तिचे वरिष्ठ वर्तकसाहेब यांनी ते वाचून पान भिरकावलं. “विचारण्यात वेळ जातो. ती पायरी काढ, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस.”

दाराशी उभा असलेला कचेरीतला शिपाई धोंडिबा गावात लग्नाची आवतणं द्यायचा. होकार मिळेपर्यंत तो कुणाच्या उंबऱ्यावरून हलत नसे. त्याने पान उचललं.

“साहेब, रविवारी सकाळी आमच्या आळीतलं गटार उपसायला या. आळीच्या मंडळात तुमचं नाव घातलंय.”

“मला न विचारता?”

“विचारण्यात वेळ जातो, साहेब.”

साहेबांनी हात पुढे केला, पान घेतलं आणि काही न खोडता त्यावर सही करून वैजयंतेला दिलं.