येसबाची गाठ

"एका म्हाताऱ्याची गाठ राहिली, म्हणून सगळं काम अडवून धरायचं का, महाराज?"

भानुदेवाचा आवाज चढला होता. दरीकाठच्या त्या मठात एवढ्या मोठ्यानं कुणी बोलत नसे. भानुदेव हुशार होता, आणि ते त्याला कुणी सांगावं लागत नसे.

त्याचे गुरू निरंजनबुवा ऐकत होते.

दरी ओलांडायची ती पाळण्यात बसून, दोराच्या आधारानं. पण दर गावाचा दोर निराळा. कुणाचा तीन पदरी, कुणाचा चार. दोन गावांचे दोर जिथे बांधलेले, तो मधला जोड निसटे आणि माणूस खाली जाई. म्हणून गावोगावच्या दोर वळणाऱ्यांना एकत्र बसवून भानुदेवानं जोडाची एकच रीत ठरवली होती. ज्याला ती पटली, त्यानं सुतळीला आपली गाठ मारायची. उद्या दिवस मावळायच्या आत सगळ्यांच्या गाठींची सुतळी दरबारात पोचली नाही, तर राजा पुन्हा हा विषय काढणार नव्हता.

"तो म्हातारा येसबा काय म्हणतो?"

"म्हणतो, जोड एक पावसाळा भिजू दे, वाळू दे, मग बघू. पण उद्या मुदत संपते, महाराज!"

"बाकीच्यांना पटलंय?"

"...थकलेत. घरी जायचंय त्यांना."

"मग आता?"

भानुदेवानं नजर चुकवली.

"येसबाची गाठ... मीच मारली."

बुवा उठले. कड्यावर मठाचा पाळणा टांगलेला होता. त्याला नव्या रीतीच्या जोडाचा दोर भानुदेवानं कालच मोठ्या तोऱ्यात लावला होता. बुवा पाळण्यात जाऊन बसले.

"सोड."

भानुदेवानं दोर धरला. खाली धुकं होतं. नदी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. सोडण्याआधी दोर चाचपताना जोड त्याच्या हाताशी आला. रात्रीच्या दवानं तो भिजला होता.

इतके दिवस त्यानं जोड पाहिला होता, त्याला लोंबकळणारा माणूस पाहिला नव्हता. हात सुटेनात.

"महाराज... उतरा."

"का रे?"

"जोड ओला आहे... मला भीती वाटतेय. पाया पडतो, उतरा!"

बुवांनी एकदा खाली वाकून पाहिलं.

"उतरलो असतो. पण उद्या मुदत संपते ना?"